नानांचा निरोप

माझा भाऊ तुरुंगात आहे, हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले ते जळगावच्या तुरुंगाच्या खिडकीपाशी. दीड वर्ष ते घशाखाली दाबून ठेवलं होतं. खिडकीतल्या शिपायानं संगणकात पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तो इथे नाही. चार महिन्यांपूर्वीच धुळ्याला हलवलाय."

"आम्हाला कोणी सांगितलं नाही." माझा आवाज चढलाच होता.

"घरी फोन केल्याची नोंद आहे," असं म्हणून त्यानं शांतपणे नंबर वाचून दाखवला. नंबर नानांचा होता.

नाना म्हणजे आमचे वडील. त्यांचं तेरावं उरकून तीन दिवस झाले होते आणि ते गेले हे भावाला सांगायलाच मी तिथे उभी होते. म्हणजे नानांना चार महिने ठाऊक होतं की मुलगा आता धुळ्याला आहे. मला मात्र ते सांगत होते, "गुडघे धरलेत बाई, जाईन पुढच्या महिन्यात." मी त्या गुडघ्यांना मलम नेऊन देत होते.

मी भुसावळच्या एस.टी. स्टँडवर नियंत्रण कक्षात बसते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती किती उशिरा येणार, हे माईकवरून सांगायचं माझं काम. सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत मी एक नियम पाळला, गाडी दोन तास उशिरा असेल तर दोन तासच सांगायचं. "येईलच थोड्या वेळात" असं गोड बोलून प्रवाशांना झुलवत ठेवणारे सहकारी मी पाहिले आहेत. मला त्यांचा राग येतो. आणि त्याहून जास्त राग येतो तो कानात बोळे घालून बसणाऱ्या प्रवाशांचा. तीनदा घसा फोडून सांगितलं तरी गाडी सुटल्यावर खिडकीशी येऊन विचारतात, "मॅडम, मुक्ताईनगर लागली का?" अशांना मी काय काय बोलले आहे ते इथे लिहीत नाही.

आमचं माहेर फैजपूरच्या अलीकडच्या एका खेड्यात. केळीचं शेत, शेजारी भाऊबंदाचं शेत आणि मधे बांध. हा बांध हातभर इकडे की हातभर तिकडे, यावरून दोन पिढ्या बोलाचाली बंद होती. एका सकाळी ती बोलाचाली सुरू झाली आणि माझ्या भावानं फावड्याचा दांडा शेजाऱ्याच्या डोक्यात घातला. तो माणूस आठव्या दिवशी दवाखान्यात वारला. लहानपणी तो आमच्या ओट्यावर जेवलेला होता. भावाला भांडणाच्याच दिवशी धरून नेलं आणि भावजय मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. खटला अजून उभा राहायचा आहे.

मी भावाला भेटायला गेले नाही. वेळ नव्हता, असं मी सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर घेऊन फिरवलेलं, आणि तेव्हा माझ्या गळ्यात असलेल्या हातांनी त्यानं एक माणूस मारला होता. जात होते ते नाना. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस दर महिन्याला पहिल्या गाडीनं भुसावळला यायचा, माझ्या कक्षात बसून अर्धा कप चहा घ्यायचा आणि जळगावची गाडी धरायचा. संध्याकाळी परतताना विचारलं तर म्हणायचे, "बरा हाये." याहून एक अक्षर जास्त नाही. नाना मुळातच कमी बोलणारे. आई म्हणायची, यांच्याशी संसार करणं म्हणजे भिंतीशी संसार करणं.

मग गुडघ्यांचं निमित्त झालं आणि जाणं थांबलं. पुढे होळीच्या सुमारास नानांना ताप आला, तो छातीत उतरला. बारा दिवस दवाखान्यात मी एकटीनं काढले. नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळीवर, मुलगा पुण्याला. भाऊबंदांपैकी कोणी फिरकलं नाही, आणि का फिरकावं?

नवव्या की दहाव्या दिवशी नानांना जरा हुशारी आली. मी विचारलं, "नाना, त्याला काही सांगू का? बोलावून घेऊ?" परवानगी काढता येते, हे मला ठाऊक होतं. नानांनी एक गोष्ट सांगितली. चार-पाच महिन्यांपूर्वी आमच्याच शेतात केळीची कटाई चालू होती. व्यापाऱ्यानं मजूर आणले होते. त्या मजुरांत, डोक्यावर घड घेऊन गाडीकडे चालणारी बाई नानांनी ओळखली. मेलेल्या शेजाऱ्याची बायको होती. तिनंही नानांना ओळखलं. घड खाली ठेवला नाही, वळूनही पाहिलं नाही, तशीच पुढे गेली.

"त्याले सांगजो," नाना म्हणाले, "माह्यासाठी तो त्याच दिवशी मेला. माह्या मरनाले आनू नको त्याले."

त्यानंतर ते तीन दिवस जगले, पण त्या विषयावर बोलले नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही.

मी भावाला आणलं नाही. नानांनी नको म्हटलं होतं हे खरं. पण पोलिसांची गाडी गावात शिरेल, त्या विधवेच्या दारावरून जाईल, लोक गच्चीवर चढून बघतील, हे मला झेपणारं नव्हतं, हेही तितकंच खरं. अग्नी मी दिला. भटजींनी जरा इकडेतिकडे पाहिलं, मग मडकं माझ्या खांद्यावर ठेवलं. खांदा द्यायला वीजकेंद्रातले नवऱ्याचे तीन मित्र होते. आमच्या भागात म्हाताऱ्या माणसाच्या अंत्ययात्रेला अख्खा गाव लोटतो. नानांना पंधरा माणसं होती, ती मी मोजली.

तर असा हा निरोप घेऊन मी निघाले होते. नाना गेले, आणि जाताना असं बोलून गेले. जसं आहे तसं सांगायचं, माझ्या नियमाप्रमाणे. खोटं कशाला बोलू? कपाळावर पट्ट्या मी ठेवल्या, बेडपॅन मी दिलं, अग्नी मी दिला. त्याच्या वाटचं एवढं तरी त्यानं ऐकावं, असा माझ्या मनात दंश होता. तो मी लपवत नाही.

पुढच्या आठवड्याची सुट्टी टाकून धुळ्याला गेले. एरंडोल, पारोळा करत गाडी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं. तुरुंग इंग्रजांच्या काळातला आहे. काळ्या दगडाची उंच भिंत, मोठा दरवाजा आणि त्या दरवाजात माणसापुरता छोटा दरवाजा. इथे स्वातंत्र्याच्या लढ्यातली मोठी माणसं कैदेत होती हे शाळेत असताना आम्ही पाठ केलं होतं आणि परीक्षेत त्याला दोन गुण मिळत. आता त्याच भिंतीला लागून पत्र्याची शेड होती, तिच्यात बाया पिशव्या घेऊन बसल्या होत्या. पिशव्यांत धुतलेले कपडे होते. घरचं खाणं आत घेत नाहीत, तरी दोघी-तिघींनी डबे आणलेले होतेच. ते डबे त्या नंतर आपसांत वाटून खात.

खिडकीत मी आधार कार्ड दिलं, भावाचं नाव सांगितलं. शिपाई तरुण होता, नीट बोलत होता. त्यानं यादी काढली. "त्यानं दिलेल्या नातेवाइकांत तुमचं नाव नाही."

"मी त्याची सख्खी बहीण आहे."

"बहीण आहे की. पण नाव दुसरंच आहे." आणि त्यानं यादी माझ्याकडे फिरवली.

ते माझं माहेरचं नाव होतं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाही. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो, आणि त्या दिवसापासून पहिलं नाव गेलं ते गेलं. रेशन कार्डावर, आधारवर, नोकरीत, बँकेत मी तीस वर्षं सासरच्या नावानं आहे. माहेरचं नाव तसं माहेरीही कोणी वापरत नसे. आईवडील 'बाई' म्हणत, भाऊ 'अक्का'. ते नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं. माझ्या भावानं नेमकं ते दिलं होतं.

"ती मीच," मी म्हटलं.

"असणार हो ताई. पण मला कागद लागतो. दोन्ही नावं असलेला कुठलाही आणा."

माझं डोकं फिरलं. शिपायावर नाही, त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. भावावर फिरलं. माणूस मारला तो मारला, बहिणीचं नावसुद्धा याला धड सांगता येऊ नये? घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी गत. परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्याला शिव्या दिल्या आणि पारोळ्यानंतर झोपले.

घरी कपाटातल्या जुन्या फाईलीत गॅझेटचा कागद मिळाला. एस.टी.त लागताना दहावीचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं आणि अर्ज सासरच्या नावाचा, म्हणून नावातला बदल राजपत्रात छापून घ्यावा लागला होता. पिवळा पडलेला तो कागद घेऊन मी पुढच्या आठवड्यात पुन्हा धुळ्याला गेले. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, पाच दिवसांवर आली होती. स्टँडवर माहेरी निघालेल्या लेकींची गर्दी होती, बांगड्या आणि पिशव्या आणि कडेवरची पोरं. मला त्या सगळ्यांचा विनाकारण वैताग आला.

शिपायानं कागद पाहिला, आधार पाहिलं, नोंद केली. "बसा. पुकारतील तेव्हा आत जा. वीस मिनिटं मिळतात."

शेडमध्ये एकच पंखा होता आणि तो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करत होता. माझ्याशेजारी एक म्हातारी बसली होती, शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव. पाय धुळीनं भरलेले. तिनं आपणहून विचारलं, "कोन शे तुना आठे?"

"भाऊ."

"मना आंडोर शे," ती म्हणाली. आंडोर म्हणजे मुलगा. "तीन वरीस व्हयनात. येवाले दोन गाड्या बदलना पडतस." एवढं बोलून तिनं डोळे मिटले. काय केलं त्यानं, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिथे ते कोणी विचारत नाही.

छोट्या दरवाजातून एक हवालदार बाहेर येऊन नावं पुकारत होता. नाव आणि आडनाव, मधलं काही नाही. एकेक बाई उठून आत जात होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. आधी नाना गेले हे सांगायचं. मग दवाखान्यातलं. मग ते वाक्य. ते वाक्य नानांच्या शब्दांत सांगायचं की आपल्या, एवढंच ठरत नव्हतं.

हवालदारानं एक नाव पुकारलं. कोणी उठलं नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. मला चीड आली. हे मी रोज बघते. माणसं लांबून येतात, तासन्‌तास ताटकळतात आणि नेमक्या वेळी कान घरी विसरतात. हवालदार आत गेला, थोड्या वेळानं पुन्हा आला, पुन्हा तेच नाव. मी म्हातारीला म्हटलं, "बघा, अशा एका बाईमुळे सगळ्यांचा खोळंबा होतो."

म्हातारीनं डोळे उघडले, शेडभर नजर फिरवली. शेडमध्ये आम्ही दोघीच उरलो होतो. "बठ्ठ्या बाया मझार गयात," ती म्हणाली, म्हणजे सगळ्या आत गेल्या. "मना नंबर दुपारले शे. मंग ते नाव कोननं? तुनंच व्हई ना माय."

मी म्हणणार होते की माझं नाव ते नाही. तोंड उघडलंही होतं. आणि मग लक्षात आलं. आडनाव आमच्या भागात एवढं सामान्य की दगड भिरकावला तर त्याच आडनावाच्या माणसाला लागेल. आणि ते नाव, ते माझंच होतं. यादीत तेच होतं, आठवडाभर ज्यासाठी कागद शोधला तेच. आधार माझ्याजवळचं पाहिलं म्हणून आधारवरचं नाव पुकारतील, असं मी धरून चालले होते. दिव्याखाली अंधार. सव्वीस वर्षं लोकांना ऐकत नाही म्हणून झापणारी मी, स्वतःच्या नावाला तीनदा बसून राहिले होते.

धावत दरवाजाशी गेले. हवालदार म्हणाला, "अहो ताई, चौदा मिनिटं गेली. तो बिचारा आत उभा आहे. सहा उरली, चला लवकर."

काचेपलीकडे भाऊ उभा होता. खुर्ची असून बसला नव्हता. केस पांढरे झाले होते, सगळे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नानांनी तर नाहीच. त्रेचाळीस वर्षांचा माणूस नानांसारखा दिसत होता. त्यानं फोन उचलला, मी उचलला.

"मले वाटलं तू आली आन परत चालली गेली," तो म्हणाला.

"मले ऐकू नही आलं रे."

"बहीन आली म्हने, बाहेर बसली हाये म्हने. मंग तू येयेच ना." "म्हटलं, हिनंबी मन बदललं."

हिनंबी. हा शब्द मला लागला. तो माझ्या खांद्यावरून मागच्या दाराकडे बघत होता. "नाना नही आले? जळगावले शेवटी आले तव्हा खाली मान घालून बसले, एक शब्द बोलले नही. त्यानंतर आलेच नही. अक्का, रागावले का ते माह्यावर?"

वेळ नव्हता. जुळवलेली सगळी वाक्यं बाहेर शेडमध्ये राहिली होती. "नाना गेले," मी म्हटलं. माईकवर बोलते तसा सपाट आवाज निघाला. "महिना होत आला. ताप आला, छातीत गेला."

त्यानं फोन कानापासून खाली आणला. काचेतून मला त्याचा आवाज येत नव्हता, पण तोंड उघडं दिसत होतं. मी माझा फोन धरून ठेवला. किती वेळ गेला कोणास ठाऊक. सहा मिनिटांतला फार मोठा भाग गेला असणार. मग त्यानं फोन पुन्हा कानाला लावला.

"अग्नी कोनी देला?"

"मी."

त्यानं मान हलवली. "मले काहून नही आनलं? आनतात ना."

"मी अर्जच नही केला." आणि मग जे खरं होतं ते सांगितलं. "माह्यात ताकद नव्हती रे."

तो रागावलासुद्धा नाही. मागून हवालदारानं दोन मिनिटं म्हणून बोटं दाखवली. भावानं दोन्ही हातांनी फोन धरला आणि काचेला कपाळ टेकवत विचारलं, "जाताना माह्यासाठी काही बोलले?"

याच प्रश्नासाठी मी दोनदा धुळ्याला आले होते. उत्तर तयार होतं, शब्दन्‌शब्द.

"त्याले सांगजो म्हने, जेवत जाय," मी म्हटलं. "आन थंडीचं अंगावर घेत जाय."

बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं. वैशाख लागायचा होता. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. पण त्यानं ते ऐकलं, डोळे पुसले आणि गंभीरपणे मान डोलावली. "घेईन," म्हणाला. "घेतो म्हना." आणि फोन ठेवायच्या आधी एकदम हसला. "म्हंजे रागावले नव्हते. मी चार महिने नुसता तोच इचार करत होतो." बाप मेल्याचं ऐकून माणूस असा सुटल्यासारखा हसतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला त्याची दया आली आणि नानांचा राग आला, आणि गेलेल्या माणसावर रागावल्याची लाजही वाटली.

तेव्हापासून मी दर महिन्याला जाते. आता पुकारलेलं नाव मला ऐकू येतं. दुसऱ्या भेटीत त्यानं विचारलं, "आजून काही बोलले होते का नाना?" पहिल्यांदा म्हटलं नसतं तर सुटले असते, आता माघार नव्हती. मी म्हटलं, विहिरीवरच्या मोटारीचं फिटिंग बदलायला हवं म्हणाले होते. पुढच्या महिन्यात, तुझ्या मुलीला शिकव म्हणाले. एरंडोल मागे पडलं की गाडीत बसून मी वाक्यं तयार करते. नानांनी हे म्हटलं असतं का, असा विचार करते, आणि बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं. स्टँडवर मात्र गाडी दोन तास उशिरा असेल तर मी अजून दोन तासच सांगते.

एकदा त्याला विचारलंही, "यादीत माह्यं ते जुनं नाव काहून देलं? तीस वर्षं झाली लग्नाला."

"ते सासरचं नाव त्याईनं ठेवलं," तो म्हणाला. "माह्या बहिनीचं नाव हेच हाये."

पावसाळा संपताना मी धीर केला. त्या विधवेचं मला राहवत नव्हतं. मी म्हटलं, नाना म्हणाले होते, बांध सोडून दे. ते लोक म्हणतात तिथे बांध घाल, हातभर आपलं गेलं तरी चालेल, पण त्या घराशी आता भांडण नको. मला वाटलं होतं तो चिडेल. ज्या हातभर जमिनीपायी तो आत बसला होता, तीच मी मागत होते. त्यानं जरासुद्धा विचार न करता मान हलवली. "देऊन टाक," म्हणाला. मी तलाठ्याला आणि दोन पंचांना घेऊन बांध हलवला. ती बाई शेताच्या कडेला उभी राहून बघत होती. बोलली नाही. तिनं बोलावं अशी माझीही अपेक्षा नव्हती.

परवाच्या भेटीत मी नेहमीसारखी बसले. या वेळचं वाक्य मोठं होतं, त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दलचं, मी बऱ्यापैकी मेहनतीनं रचलेलं. बोलायला लागले. तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "अक्का."

"काय?"

"नाना एवढं बोलत नव्हते."

माझं वाक्य अर्ध्यावर राहिलं. काचेत माझाच चेहरा दिसत होता आणि त्याच्यामागे त्याचा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दमलेला होता, माझ्यासारखाच.

"जळगावले शेवटी आले तव्हाच मले समजलं होतं," तो म्हणाला. "जाताना ते काय बोलले असतील, मले ठाऊक हाये."

हवालदार घड्याळाकडे बघत होता. पाच मिनिटं उरली होती. भावानं खुर्ची पुढे ओढली, फोन एका कानाचा दुसऱ्या कानाला घेतला.

"पन तू सांग," तो म्हणाला. "पोरीच्या लग्नाचं काय म्हनाले नाना?"